नेमक्या वेळी जाणारं नेट

मित्रांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, तुमचं डोकं एका खोलीत आहे आणि पाय दुसऱ्या खोलीत. मधलं अंग भिंतीच्या कडेकडेने, कपाटामागून, दाराच्या फटीतून गेलेलं आहे. डोक्याकडच्या खोलीत कुणी बातम्या ऐकतंय, पायांकडच्या खोलीत कुणी शिकवतंय, आणि रोज सकाळी तुमच्या पोटावरून झाडू फिरतोय. जमलं? मग उघडा डोळे. माझी निम्मी ओळख तर इथेच झाली.

मी एक जुनी वायर आहे. नेटची वायर. रंगाने निळी, लांबीने वीस मीटर. पुढच्या खोलीत खिडकीशेजारी राऊटर नावाची दिवे लुकलुकणारी पेटी आहे, तिथे माझं एक टोक. मागच्या खोलीत टेबलावर एक जुना संगणक आहे, तिथे दुसरं. यातलं डोकं कोणतं आणि पाय कोणते, हे खरं म्हणजे मलाही ठाऊक नाही. बोलणं दोन्हीकडून येतं आणि दोन्हीकडे जातं.

माझ्या पोटात काय आहे, असं तुम्हाला वाटलं असेल. तांब्याच्या आठ बारीक तारा आहेत आणि प्रत्येकीच्या अंगात वेगळ्या रंगाचा झगा. कारखान्यात तांबं ओढून ओढून या तारा केल्या. मग दोन-दोन तारांची जोडी लावून प्रत्येक जोडीला वेणीसारखा पीळ दिला. पीळ कशासाठी? अगदी जवळून जाणाऱ्या तारांना एकमेकींचं बोलणं ऐकू येतं आणि निरोपात निरोप मिसळतो. पीळ दिला की शेजारच्या जोडीची कुजबुज कानावर पडत नाही. माणसांना अशी सोय नाही. म्हणून तर एका घरात चार जण एकदम बोलायला लागले की कुणालाच काही कळत नाही.

एका मोठ्या खोक्यात माझी शेकडो मीटरची गुंडाळी होती. त्यातून नेटवाल्या दादाने मला कापून काढलं. त्याने हात पसरून माप घेतलं, "वीसमध्ये बसेल," म्हणाला, आणि माझ्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लास्टिकची तोंडं बसवली. मग मी या घरात आले.

तेव्हा माझं फार कौतुक झालं. मागच्या खोलीत हवेतून येणारं नेट पोचत नसे. मध्ये दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. तिथवर जाईपर्यंत ते बिचारं दमून जायचं. मी मात्र जमिनीवरून सरळ गेले आणि पहिल्याच दिवशी संगणकावर चित्रं पळायला लागली. बाबा चष्म्याच्या दुकानात काम करतात. त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं, मग लांब नेलं आणि म्हणाले, "आता दिसतंय बुवा स्वच्छ."

पण कौतुक किती दिवस टिकणार? घरात प्रत्येकाच्या हातात फोन आला. सगळे पुढच्या खोलीत बसायला लागले. राऊटरला चार शिंगं होती, सगळे त्याच्याकडेच बघत. माझ्यावर धूळ बसली. खुर्चीचं चाक दोनदा माझ्यावरून गेलं. एकदा तर घाईघाईत कुणीतरी माझ्या तोंडाची कळ न दाबताच मला ओढून काढलं. त्या तोंडावर एक इवलीशी जीभ असते, ती दाबली की मी अलगद निघते. न दाबता ओढलं की ती मोडते. माझीही मोडली. तेव्हापासून त्या बाजूला बाबांनी कागदाची घडी खुपसून मला जागेवर बसवलं आहे. मी तक्रार करत नाही. नुसतं सांगून ठेवते.

आता या घरातल्या माणसांबद्दल सांगते. चौघं आहेत. बाबा तुम्हाला भेटलेच. आजोबा सुतार होते. होते म्हणजे, हात थरथरायला लागला म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली. दहा वर्षांची मुलगी आहे, तिला घरात सगळे शंकासुर म्हणतात. तिला सतत काहीतरी शंका असते आणि एका शंकेच्या पोटात दुसरी असते. आणि आई. तिच्यामुळेच मला पुन्हा काम मिळालं.

आई अडखळत बोलणाऱ्या मुलांना मोकळं बोलायला शिकवते. पूर्वी ती एका केंद्रात जायची. मग लांबलांबच्या गावांतली मुलं शिकायला आली आणि ती घरूनच संगणकावर तास घेऊ लागली. ती मागच्या खोलीत बसते, मुलं आपापल्या घरी, आणि मधलं सगळं बोलणं माझ्यातून जातं. आईचा एक कडक नियम आहे. शिकणाऱ्या मुलांची नावं ती घरात कुणाला सांगत नाही. म्हणून घरात सगळ्यांनी एका मुलाचं नाव 'खिडकीतला' ठेवलं होतं, कारण तो नेहमी खिडकीपाशी बसून बोलायचा. तो नऊ वर्षांचा. एखाद्या शब्दापाशी तो असा थांबायचा, की तो शब्द जणू बंद कुलूपच. आई त्याला कधीच घाई करत नसे. ती त्याच्याकडे बघत शांत बसायची. थोड्या वेळाने कुलूप आपोआप निघायचं.

अशा तासाला शांतता लागते. पण मागच्या खोलीचं दार कसलं, नुसता देखावा. खाली बोटभर फट. कुकरची शिट्टी, बाबांच्या बातम्या, सगळं आत. आई एकदा सहज म्हणाली, "दार जरा घट्ट बसलं असतं तर बरं झालं असतं."

आजोबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पलंगाखालून पेटी ओढली. दोन दिवस लावून त्यांनी दाराखाली लाकडी पट्टी बसवली, तिच्या कोपऱ्यात माझ्यासाठी एक खाच ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी पट्टीला आणि चौकटीला कडेने रबर लावलं. दार लावून बाहेर उभे राहिले आणि आतल्या आईला म्हणाले, "बोल काहीतरी." आई आतून बोलली. काहीच ऐकू आलं नाही. आजोबांनी आपल्या हाताकडे पाहिलं. त्या दिवशी ते जेवताना दोनदा हसले. बाबा म्हणाले, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

आणि त्याच आठवड्यात माझं दुखणं सुरू झालं.

मित्रांनो, मला एवढंच कळायचं की अचानक कमरेत कळ येते, डोळ्यांपुढे अंधार होतो आणि शुद्ध जाते. थोड्या वेळाने शुद्ध यायची तेव्हा सगळं नीट चालू. काय झालं, कुणी केलं, काही आठवायचं नाही. तुमच्या ध्यानात काही आलं असेल, तर जरा दम धरा. शंकासुराला सहा दिवस लागले.

घरात एवढंच दिसत होतं, की नेट जातं आणि नेमकं महत्त्वाच्या वेळीच जातं. दुपारी शंकासुर मागच्या खोलीत चित्रं बघत बसली तर तासभर काही होत नसे. आईचा तास सुरू झाला की मात्र दहा मिनिटांत गेलंच.

बाबांनी कंपनीला फोन लावला. आधी वीस मिनिटं बासरी वाजली. मग एक ताई बोलल्या.

"सर, राऊटर बंद करून चालू केलात का?"

"चार वेळा केला."

"एकदा पुन्हा करून बघता का, सर?"

बाबांनी पाचव्यांदा केला. मग मोठा प्लॅन घेतला. मग राऊटर कपाटावर ठेवला, मग खाली ठेवला, मग त्याच्या भोकांत फुंकर मारली. शेवटी नेटवाला दादा आला. त्याने मागच्या खोलीत जाऊन सगळं तपासलं.

"फुल स्पीड आहे काका."

"आत्ता आहे रे. महत्त्वाचं काही असलं की जातं."

"म्हणजे नेटला कळतं?"

"आमच्या नेटला कळतं," बाबा म्हणाले.

दादा हसत गेला. जाताना आपला नंबर देऊन गेला. तो जिना उतरेपर्यंत बाबांच्या फोनवर निरोप आला, 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.' बाबांनी तो निरोप घरात प्रत्येकाला वाचून दाखवला.

आजोबा म्हणाले, "कामच येत नाही या पोरांना. आम्ही दार बसवलं आणि ते अडकलं, तर गिऱ्हाइकाला कधी 'बंद करून उघडा' म्हटलं नाही."

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण एका गुरुवारी खिडकीतला मुलगा एका शब्दापाशी थांबला आणि नेमकी त्याच क्षणी माझी शुद्ध गेली. त्याच्या पडद्यावर आईचा चेहरा गोठला. मग दिसेनासा झाला. असं तिसऱ्यांदा होत होतं. आई राऊटर बंद-चालू करून आली आणि दहा मिनिटांनी पुन्हा जोडणी झाली, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. मग त्याने आईला जे विचारलं, ते माझ्यातूनच गेलं.

"मी थां... थांबलो की तुम्ही कं... कंटाळून जाता ना?"

आईने त्याला समजावलं. नेट गेलं होतं, तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही. त्याने मान हलवली, पण मुलांची मान हलते तेव्हा आत काय हललं हे कळत नाही. पुढच्या तासाला तो एक अक्षरही बोलला नाही. विचारलं तेवढ्याला मानेने हो-नाही करत राहिला. तास संपल्यावर त्याची आई पडद्यावर आली. "बाई, पुढच्या गुरुवारी एकदा बघू," त्या म्हणाल्या. "नाहीतर राहू दे म्हणतोय तो."

रात्री जेवताना आईने हे सांगितलं. नाव न सांगता, पण सगळं सांगितलं.

शंकासुराने विचारलं, "राहू दे म्हणजे किती दिवस?"

"मुलं 'राहू दे' म्हणतात ना, ते बहुतेक कायमचंच असतं," आई म्हणाली. "बोलायचंच सोडून देईल तो. इतकं जमत आलं होतं त्याला."

"पण त्याला खरंच वाटतं, तू उठून जातेस?"

"त्याच्याशी बोलताना आजवर बरेच जण उठून गेलेत, बाळा. माझंही त्याला तसंच वाटणार."

दुसऱ्या दिवशी शंकासुराने एक जुनी वही शोधली. मागची कोरी पानं घेतली आणि घरात नेट कधी जातं, तेव्हा काय काय चालू असतं, हे लिहायला सुरुवात केली. आधी तिचा संशय मिक्सरवर गेला. मिक्सर चालू केला, नेट चालूच. मग वॉशिंग मशीन. ते गरगर फिरत असताना ती पळत मागच्या खोलीत गेली. नेट चालूच. मग खिडकीबाहेरच्या वायरवर बसणारी दोन कबुतरं. त्यांच्यावर तिने दोन दिवस पहारा ठेवला.

"काय म्हणतात आरोपी?" बाबांनी विचारलं.

"ते निर्दोष आहेत. नेट गेलं तेव्हा ते समोरच्या गच्चीवर होते."

एक गोष्ट मात्र तिने चांगली केली. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली. मिक्सर आणि मशीन एकदम लावलं असतं आणि नेट गेलं असतं, तर दोघांतला चोर कोण हे कळलं नसतं. मोठी माणसं घाईत तीन गोष्टी एकदम बदलतात आणि मग कशाने बरं झालं हे त्यांना कधीच कळत नाही.

बुधवार उजाडला. गुरुवारी पाच वाजता तास. वहीची सहा पानं भरली होती आणि चोर मोकळाच होता. शाळेतून आल्यावर शंकासुर मागच्या खोलीत संगणकापुढे नुसती बसून होती. आई बाजारात गेली होती. बाबांचं वाक्य तिला आठवलं, महत्त्वाचं असलं की जातं. सगळे त्यावर हसत होते. ती हसली नाही. ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, "पण नेटला महत्त्वाचं आहे हे कळतं कशावरून?"

मित्रांनो, मी इतके दिवस या घरात पडून आहे, पण असा प्रश्न मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

मग तिने एक गंमत केली. ती आई झाली. संगणकावर एक लांबलचक व्हिडिओ लावून ठेवला, आणि तास घ्यायच्या आधी आई जे जे करते ते एकेक करत गेली. केस वर बांधले. पडद्याकडे पाहिलं. व्हिडिओ चालू. पाण्याचा पेला उजव्या हाताला ठेवला. चालू. टेबलावरचा दिवा लावला. चालू. कानाला हेडफोन लावला, घसा खाकरला, आईसारखी पाठ ताठ केली. चालूच.

मग ती उठली आणि दार लावलं.

माझ्या कमरेत कळ आली. आधी ती यायला दहा मिनिटं लागायची, आता दाबून दाबून लगेच आली. पुढचं मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा दार उघडं होतं, व्हिडिओ चालू होता आणि शंकासुर दाराची मूठ धरून उभी होती. तिने पुन्हा दार लावलं. मी पुन्हा गेले. असं सहा वेळा झालं. सहाव्यांदा शुद्ध आली तेव्हा ती दाराखाली आडवी पडून, गाल जमिनीला टेकवून माझ्याकडे बघत होती. इतक्या जवळून मला कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

दुपारी ती चित्रं बघायची तेव्हा दार उघडं असायचं. नेटवाला दादा आला तेव्हाही उघडंच होतं. दार लागायचं ते फक्त महत्त्वाच्या वेळी.

ती उठून बसली. चोर सापडल्यावर माणूस उड्या मारतो. ती मारत नव्हती. तिने पट्टीवरून बोट फिरवलं, कोपऱ्यातल्या खाचेवरून फिरवलं, गुळगुळीत घासलेल्या कडांवरून फिरवलं. तीन वर्षांत आजोबांनी केलेली ती एकच वस्तू होती.

आई बाजारातून आली तशी शंकासुर तिच्या मागे मागे फिरायला लागली.

"आई, उद्या दार थोडंसं उघडं ठेवून तास घेतेस?"

"का गं?"

"असंच."

"असंच कसं? उद्या तर टाचणी पडलेलीही चालायची नाही. आजोबांनी एवढं दार करून दिलंय ते कशाला?"

झालं. त्या वाटेने जायची सोय उरली नाही. सांगितलं तर आजोबांना लागणार, आणि नाही सांगितलं तर उद्या तो मुलगा बोलणं सोडणार. शंकासुर पुढच्या खोलीत आली. आजोबा खिडकीशी बसून चष्मा पुसत होते. माझं एक टोक तिथेच आहे, म्हणून पुढचं सगळं मी ऐकलं.

"आजोबा, एक शंका आहे."

"एकच? तब्येत बरी आहे ना?"

"दार आणि चौकट यांच्यात किती जागा ठेवायची असते?"

"दोन पत्ते सरकतील एवढी. जास्त ठेवली तर सुतार आळशी."

"आणि नेटची वायर किती पत्त्यांची असते?"

आजोबांचा चष्मा पुसणारा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग ते उठले, भिंतीला धरत मागच्या खोलीच्या दारापाशी गेले आणि गुडघे करकरत खाली बसले. दार हळूहळू लावून पाहिलं. त्यांची सावली माझ्यावर पडली. मग कळ आली. शुद्ध आली तेव्हा ते मला दोन बोटांत धरून बघत होते. दाबून दाबून मी तिथे चपटी झाले होते.

"खाच ठेवली होती मी," ते म्हणाले. "रबर नंतर लावलं. रबराची जाडी धरलीच नाही."

शंकासुर घाईघाईने म्हणाली, "पण आवाज मात्र अजिबात येत नाही, आजोबा. दार एकदम छान झालंय."

"दार छान आहे. वायर मेलीय." त्यांनी मला खाली ठेवलं. "महिनाभर त्या पोराला नावं ठेवतोय मी. कामच येत नाही म्हणून."

"त्याला कुठे माहितीये?"

"मला माहितीये ना." त्यांनी हात पुढे केला. "ऊठ म्हणायला आलीयेस की उठवायला? धर. आणि तुझ्या बापाला सांग, नेटवाल्याला फोन लाव. या वेळी मी बोलतो."

ते फोनवर काय बोलले ते फार थोडं होतं. "चूक आमच्या दाराची आहे. तुझी नव्हती. उद्या येशील का?"

गुरुवारी साडेतीनला दादा आला. आजोबांनी तोवर एक मार्ग शोधून ठेवला होता. दाराकडे जायचंच नाही. मी जिथून दाराकडे वळायचे ती जागा आणि आईचं टेबल यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती, तिला भोक पाडायचं आणि मला सरळ पलीकडे न्यायचं. भोक आजोबांनीच पाडलं. यंत्र थरथरलं की हातही थरथरायचा, म्हणून बाबांनी त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

मग माझी पाळी आली. दादाने चपटी झालेली जागा चाचपली आणि कात्री उचलली.

खरं सांगते, मला भीती वाटली. कचकन आवाज झाला आणि माझे साडेचार मीटर माझ्यापासून वेगळे झाले. त्या भागाने इतकी वर्षं आईच्या टेबलाचे पाय ओळखले होते. दादाने कापलेला तुकडा सोलून शंकासुराला दाखवला. आतली हिरवी तार केसासारखी तडकली होती. दार उघडं असलं की तिची दोन टोकं एकमेकांना टेकायची, दार लावलं की सुटायची.

"तोंड मी बसवू?" शंकासुराने विचारलं.

दादाने घड्याळाकडे पाहिलं. सव्वाचार. "बसव. पण रंगांचा क्रम चुकला तर पुन्हा कापावं लागेल."

तिने आठ तारा सुट्या केल्या, जोड्या लावून शेजारीशेजारी ठेवल्या, तोंडात सरकवल्या, दादाने पकडीने दाबल्या. मग तपासायच्या यंत्रावर आठ दिवे लागायला लागले. एक, दोन, तीन, सहा. दादाने मान हलवली. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी बसायची असते, तिने हिरव्या दोघी शेजारी बसवल्या होत्या.

"पण त्या जोडीदार आहेत ना? मग त्यांना लांब का बसवायचं?"

"मी शिकत होतो तेव्हा मीपण हेच विचारलं होतं."

"मग?"

"मग आमच्या साहेबांनी चहा मागवला आणि विषय बदलला."

दुसऱ्यांदा तिने एकेक रंग मोठ्याने म्हणत तारा लावल्या. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. यंत्रावर दिवे एकापुढे एक शहाण्यासारखे लागत गेले. घड्याळात पावणेपाच. आजोबांनी दादाला चहा दिला आणि स्वतःसाठी घेतलेली बिस्किटंही त्याच्यापुढे सरकवली.

मी आता साडेपंधरा मीटरांची आहे. मित्रांनो, म्हातारपणी माझं तुमच्याकडे मोठं मागणं नाही. आमच्यावर खुर्ची ठेवू नका, आम्हाला दारात चिरडू नका, काढताना जीभ दाबून काढा. आणि घरातली कोणतीही वस्तू रुसली, की तिला किंवा ती दुरुस्त करणाऱ्याला बोल लावायच्या आधी एक क्षण थांबून बघा, ती बंद पडायच्या जरा आधी आपण काय केलं होतं. बऱ्याचदा ती काही सांगत असते. तिच्याकडे तोंड नसतं, एवढंच.

पाच वाजले. दार लागलं. मी शुद्धीवर होते.

खिडकीतला मुलगा पडद्यावर आला आणि मान खाली घालून बसला. आई म्हणाली, "आज कुणालातरी तुला भेटायचंय. तुला चालणार असेल तरच." त्याने मानेने हो केलं. शंकासुर आईच्या शेजारी स्टुलावर बसली आणि तिने कापलेला तुकडा पडद्यासमोर धरला.

"त्या तीन वेळा जे थांबलं ना, ते तू नव्हतास," ती म्हणाली. "आमचं दार होतं. ही हिरवी तार बघ. दार लावलं की ही तुटायची आणि आई दिसेनाशी व्हायची. आई कुठेही गेली नव्हती. ती इथेच बसून 'हॅलो, हॅलो' करत असायची."

आई म्हणाली, "खरंच. वेड्यासारखी."

मुलाने मान वर केली. तो पुढे सरकला. इतका पुढे, की पडद्यावर त्याचा एक डोळाच दिसायला लागला. तो तार बघत होता. मग तो मागे झाला आणि त्याने तोंड उघडलं.

"हे तू क... क..."

आणि तो थांबला.

नेट गेलं नव्हतं, मी सांगते ना. त्याच्या खिडकीचा पडदा हलत होता, त्याचा श्वास माझ्यातून येत होता. हे थांबणं त्याचं स्वतःचं होतं. आई त्याच्याकडे बघत शांत बसली होती. शंकासुराला पुढचा शब्द माहीत होता. तिचे ओठ उघडलेही होते. तिने ते मिटले, दोन्ही तळव्यांवर हनुवटी टेकवली आणि त्याच्याकडे बघत वाट पाहत राहिली.